पुढचा ब्रेक

घाटातल्या सातव्या वळणावर
माझी सायकल किंचाळते,
टिटवीच्या वरताण.
खालच्या ढाण्यातली पोरं त्यावरून ओळखतात
टपाल आलं.

किंचाळणं वेगळं आणि थांबणं वेगळं
हे मला मागच्या पोळ्याला कळलं.
वळणावर रंगवलेल्या शिंगांची एक जोडी उभी,
मी दोन्ही पाय जमिनीला घासले,
चपलेचा अंगठा तुटला,
आणि थैलीसकट घाणेरीच्या झुडपात गेले.
बैलानं मला हुंगलं. बरं वाटलं नसावं,
तोंड फिरवून पुढं निघाला.

सायकल तशी भारी.
अमरावतीच्या एका पोरानं नोकरी लागल्यावर विकली,
साडेचार हजारात.
एकवीस गिअर, चालतात चार.
दोन्ही चाकांना चकत्या,
बघणाऱ्याला वाटावं, काय थांबत असेल!

परतवाड्याला नुरू मिस्त्रीनं मोबाइलवर दाखवला
तेलावरचा ब्रेक.
'एका बोटानं थांबते. चार हजार दोनशे.'
माझ्या रुमालात चौदाशे होते,
सात महिन्यांच्या सायकल भत्त्याची गाठ.
'अन् तेल गळलं तं?'
'तं मंग अमरावती.'

मग तो स्वतःच म्हणाला,
'राहू दे वं कासदेकर बाई. आधी पाहू, मेलं काय न् जित्तं काय.'

केबल ओढली, तर कव्हरातून
तपकिरी पाणी आलं, चहासारखं.
पॅड काढले. वास घेतला.
'यायले तेल कोनं लावलं?'
मी गप्प.
आवाज जावा म्हणून
शिवणयंत्राच्या कुपीतून मीच सोडलं होतं,
चार-चार थेंब, मनापासून.
त्यानं कपाळाला हात लावला,
कपाळ काळं झालं.

नवे पॅड, दोन जोड्या, तीनशे.
केबल न् कव्हर, एकशे साठ.
पुढच्या चाकाला मोठी चकती,
तिच्याखालच्या लोखंडी तुकड्यासकट, सहाशे चाळीस.
'मागं जुनीच चालते.'

पण पुढचा तर मी कधी दाबतच नाही.
बाप म्हणायचा, पुढचा दाबू नको, पालथी पडशील.
त्यानं ज्या सायकलीवर शिकवलं
तिला पुढचा ब्रेकच नव्हता.

नुरूनं सायकल उतरती धरली,
सीटवर माझी टपालाची थैली ठेवली.
'पाह्य. उतारावर सारं वजन पुढं येते.
थांबवते तो पुढचाच. मागचा नुसता घसरवते.
हळू दाब. आंग मागं घे.
भेव वाटलं तं वाटू दे, बोट सोडू नको.'

मजुरी ऐंशी. उरलेल्यात चप्पल.

नवे पॅड लगेच धरत नाहीत म्हणे.
वीस-तीस वेळा पळव न् थांबव,
मग चकतीची न् त्यांची ओळख होते.
संत्र्याच्या बागेशेजारच्या सपाट रस्त्यावर
मी पळाले, थांबले. पळाले, थांबले.
राखणदार कुंपणाशी आला,
'बाई, काई हरपलं का?'
'नाही,' म्हटलं. पुन्हा पळाले.
अकराव्या खेपेला बोटांखाली
काहीतरी धरल्यासारखं झालं.
तोवर तिथं नुसती स्प्रिंग होती.

परवा सातव्या वळणावर
अंग मागं घेतलं, पुढचा दाबला.
बापाचा आवाज आला, येणारच.
पडले नाही.
सायकल सागाच्या एका पानाजवळ थांबली,
पानावरची मुंगी चालत राहिली.

ढाण्यात उतरले तर कोणी नाही.
दारं उघडी, कोंबड्या, धूर.
फुलकाय धिकारच्या पेन्शनचा कागद हातात घेऊन
मी उभी.
बऱ्याच वेळानं म्हातारी बाहेर आली, दचकली.
'तू कधी आली वं? आवाज नाई, काई नाई.
चोरासारखी!'

घंटी साठ रुपयांना मिळते.
पुढच्या भत्त्यात.